काकांचे प्रश्न आणि कावळा न शिवलेला दहावा: बडोद्यातलं एक प्रकरण

हे लिहायला काकांची परवानगी घेतलीये, त्यांनी वाचून दोन ठिकाणी दुरुस्त्याही सांगितल्या. नावं कुणाचीच देत नाही, घरचे एकदोन तपशील बदललेत, तारखा मात्र तशाच ठेवल्यात कारण या प्रकरणात तारखांना फार महत्त्व आहे. मी बडोद्यात समुपदेशनाचं काम करते, जास्त करून साठीच्या पुढच्या लोकांबरोबर, आणि घरातलं माणूस गेल्यावर मागे राहिलेल्याला आधार कुठून मिळतो याबद्दल माझ्या डोक्यात जे पक्कं बसलं होतं ते या एका केसनंतर मला परत तपासावं लागलं.

काका तेव्हा 72 वर्षांचे. प्रतापनगरला रेल्वेत नोकरी, तिथूनच रिटायर. घर कारेलीबागेत, दुसरा मजला. मुलगा कॅनडात, मुलगी नाशिकला. काकू 68 च्या, बीपीची गोळी चालू होती पण बाकी ठणठणीत, घरचं बाहेरचं सगळं त्याच बघायच्या. 2023 ला श्रावण अधिक आला होता, तर जुलैमधे मुलगी-जावई चार दिवस राहून गेले, काकूंनी जावयाच्या वाणाचे तेहतीस अनारसे घरी केले, विकतचे नाही. मग निज श्रावणात, 26 ऑगस्टला शनिवारी सकाळी त्या म्हणाल्या डावा हात जड वाटतोय. काका म्हणाले रात्री अंगाखाली आला असेल, पड जरा. दीडएक तासाने काकू बाथरूमच्या दारात कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव. सोमवारी 28 तारखेला दुपारी त्या गेल्या, दुसरा श्रावणी सोमवार होता. मुलगा मंगळवारी पहाटे पोचला मग खासवाडीच्या स्मशानात नेलं.

"पड जरा" हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे येणार आहेत.

बडोद्यात आपल्या मराठी घरांमधे आता दहावा-तेरावा तर असतोच, शिवाय गुजराती पद्धतीचं बेसणंही असतं. पेपरात फोटो, वार, वेळ चार ते सहा, पांढऱ्या कपड्यात लोक येतात, फोटोला हात जोडतात, दोन मिनिटं बसतात, जातात. काकूंच्या जाहिरातीत खाली नेहमीची ओळ होती, लौकिक प्रथा बंध राखेल छे. म्हणजे यानंतर भेटायला घरी येण्याची तसदी घेऊ नका. मुलाने ती ओळ काही विचार करून घातली नव्हती, पेपरवाल्याने फॉर्मॅट दाखवला त्यात होतीच, आणि त्याला सुट्टी कमी होती, रोज येणाऱ्या लोकांत वडिलांना किती दमवायचं हाही विचार असणार. त्याला दोष देत नाही मी. पण तेराव्यानंतर लोकांनी ती ओळ पाळली. तेरा दिवस घर भरलेलं, शेजारून पिठलं-भात, नंतर रोज कुणाचा तरी डबा, चहाची पातेली उतरत नव्हती. 14 सप्टेंबरला मुलगा गेला, 17 ला मुलगी गेली, 19 ला गणपती. घरात यंदा बसवायचा नव्हता. काका मला म्हणाले की त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत दाराची बेल एकदाही वाजली नाही, दूधवाला पण पिशवी कडीला अडकवून गेला.

मुलीचा मला फोन आला तो नवरात्रात. बाबा फोनवर "बरं आहे" च्या पुढे बोलत नाहीत, शेजारचे म्हणतात वजन खूप उतरलंय. मी 18 ऑक्टोबरला त्यांच्या घरी गेले. ऑफिसला बोलावलं नाही, कारण अशा वेळी घर खूप काही सांगतं. ओट्यावर एकच पातेलं, त्यात सकाळचा चहा. फडताळात सगळे डबे एकसारखे स्टीलचे, कुठल्यात काय हे फक्त काकूंना माहीत, म्हणून काका महिनाभर पोहे आणि ब्रेडवर होते. टिफिन लावून बघितला होता पण गोड डाळ घशाखाली उतरेना म्हणून बंद केला. त्यांची स्वतःची बीपीची गोळी बंद होती. मुद्दाम नाही, रोज रात्री जेवणानंतर काकू हातावर ठेवायच्या, आता कुणी ठेवत नाही म्हणून राहून जायची. वजन सहा किलो कमी. झोप रात्री दोनतीन तास.

आणि फोन. घरातल्या बहिणी, भाचे, नातेवाईक, शेजारपाजार, सगळ्यांशी नातं काकूंच्या मोबाईलवरून चालायचं, काकांना फोन यायचा तो बँकेचा नाहीतर पेन्शनवाल्या मित्राचा. हे मी बऱ्याच पुरुषांच्या बाबतीत बघितलंय, बायको जाते तेव्हा तिच्याबरोबर अख्खा गोतावळाच जातो, कारण तो तिने बांधलेला असतो. काकूंचा मोबाईल काकांनी चार्जिंगला लावून देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता. त्यावर कॉलर ट्यून होती, काकूंच्या आवडीची विठ्ठलाची. काका दुसऱ्या खोलीतून आपल्या फोनवरून तो नंबर लावायचे, ट्यून पूर्ण ऐकायचे आणि ठेवायचे. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

इथे माझ्याकडून चूक झाली ती आधी सांगते. मी बॅगेत एक छापील कागद घेऊन गेले होते, शोकाच्या पाच पायऱ्या, नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार. लोकांना काहीतरी हातात दिलं की बरं वाटतं म्हणून मी तो देत असे. काका रेल्वेतले, कागद नीट वाचणारे. पुढच्या आठवड्यात मला म्हणाले, "ताई, मी शुक्रवारपर्यंत चौथ्या पायरीवर होतो, काल परत पहिलीवर आलो, माझं काही चुकतंय का?" एवढ्या दुःखात हा माणूस स्वतःला नापास करून घेत होता आणि तो कागद मी दिला होता. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मधे त्या पाच गोष्टी लिहिल्या त्या मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी नाही, आणि सगळ्यांना त्या क्रमाने जावंच लागतं असंही नाही. मला हे माहीत असून मी कागद वाटत होते. तो कागद काकांकडून परत घेतला आणि तेव्हापासून कुणालाच देत नाही.

त्याऐवजी त्यांना जे सांगितलं ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोघांनी 1999 मधे मांडलंय. माणूस दुःखात दोन बाजूंना येजा करत असतो, एकदा गेलेल्या माणसाकडे तोंड करून रडतो, आठवतो, फोटो बघतो, आणि मग वळून लाइटबिल भरतो, कुकर लावायला शिकतो, आणि परत वळतो. हे हेलपाटेच नॉर्मल आहेत. एकाच बाजूला अडकून पडलं तर बघावं लागतं. काकांना हे लगेच कळलं, म्हणाले म्हणजे अप-डाऊन. मी म्हटलं हो, तसंच.

दुसऱ्याच भेटीत मी सरळ विचारलं, काका, मरून जावं असं वाटतं का. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येईल अशी भीती सगळ्यांना असते पण तसं होत नाही, उलट माणूस मोकळा होतो. ते म्हणाले झोपेत उचललं तर बरं असं रोज वाटतं, पण स्वतःहून काही करायचं नाही, पोरीचं तोंड दिसतं. मी तेवढ्यावर सोडलं नाही. काकूंच्या कपाटात झोपेच्या गोळ्यांची जुनी पाकिटं होती ती त्यांच्यासमोर काढून घेतली, मुलीला फोन करून सांगितलं, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर मोठ्या अक्षरात 14416 लिहिलं. ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास आणि फुकट. काकांनी तो नंबर कधी लावला नाही पण रात्री तीन वाजता उठून पाणी पिताना दिसायचा असं म्हणाले.

आता मूळ मुद्दा. तीनचार भेटींनंतर माझ्या लक्षात आलं की काका मला तेच तीन प्रश्न फिरूनफिरून विचारतायत आणि मी दर वेळेला त्यांचं ऐकून घेतेय, मान हलवतेय, पाणी देतेय, पण त्यातल्या एकाचंही उत्तर माझ्याकडे नाही. पहिला, मी तिला "पड जरा" म्हटलं नसतं तर? दुसरा, चांदोदला पिंडाला कावळा का नाही शिवला? तिसरा प्रश्न म्हणजे वेळ होती, संध्याकाळी सात ते नऊ, तेव्हा काय करू. घरचे सगळे म्हणत होते तू आहेस ना आता, बाबांना तू समजाव. म्हणजे सगळे प्रश्न माझ्या दारात आणून टाकले होते, आणि मीही ते घेतले होते, तीच दुसरी चूक. मग मी ठरवलं की प्रत्येक प्रश्न ज्याचा त्याच्याकडे न्यायचा.

पहिला प्रश्न डॉक्टरचा होता. हॉस्पिटलमधे त्या तीन दिवसांत कुणी काकांना बसवून नीट सांगितलंच नव्हतं, सही करा, इथे थांबा, एवढंच. मी त्यांना म्हटलं फाइल घेऊन आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे जाऊ, आणि डॉक्टरांना आधी फोन करून सांगितलं की धीर देऊ नका, जे आहे ते सांगा. डॉक्टरांनी दवाखाना संपल्यावर अर्धा तास दिला. सीटीचा रिपोर्ट समोर ठेवून सांगितलं, लोक जे ऐकतात ना की साडेचार तासांत नेलं तर इंजेक्शनने वाचतो, ते रक्ताची गुठळी अडकून झालेल्या स्ट्रोकचं, काकूंची रक्तवाहिनी फुटली होती, त्यात ते इंजेक्शन देतच नाहीत. आणि रक्त खूप पसरलं होतं. मग काकांनी विचारलं, म्हणजे दीड तासाने काहीच फरक पडला नाही? डॉक्टर थोडं थांबून म्हणाले, हात जड वाटला की लगेच निघायला हवं हे खरंच आहे, पण लवकर आणलं असतं तर त्या वाचल्या असत्या असं या रिपोर्टवरून मी नाही म्हणू शकत, दुसरं कुणीही छातीठोक म्हणू शकणार नाही. मला वाटतं त्या "खरंच आहे" मुळेच काकांनी पुढचं सगळं मानलं. नुसतं "तुमचा काही दोष नाही" हे वाक्य त्यांना आतापर्यंत चाळीस लोकांनी सांगितलं होतं, ते एकदाही आत गेलं नव्हतं. अपराधी वाटणं संपलं नाही, पण रात्री दोन वाजता जो हिशोब चालायचा की साडेसातला निघालो असतो तर आठला पोचलो असतो, तो थांबला.

कावळ्याचा प्रश्न जास्त खोल होता आणि खरं सांगायचं तर मी तो आधी टाळलाच. दहावा चांदोदला केला, नर्मदेवर, बडोद्याच्या बहुतेक मराठी घरांचं ठिकाण तेच. पिंड ठेवला आणि सगळे लांब जाऊन उभे राहिले. कावळे होते, झाडावर बसले होते, खाली येईनात. मग सुरू झालं, मुलगा म्हणाला बाबांना मी सांभाळीन, मुलगी म्हणाली दिवाळीला येत जाईन, कुणी म्हणालं तुझ्या देवांची पूजा चालू ठेवू, पाऊण तास गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. परत येताना डभोईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. काकांच्या मनात बसलं की हिचं काहीतरी राहिलंय आणि चव्वेचाळीस वर्षं संसार करून ते काय हे मला माहीत नाही.

मी अंधश्रद्धा हा शब्द एकदाही वापरला नाही. माझं स्वतःचं मत काय आहे त्याचा इथे काही संबंध नव्हता, काकांच्या दुःखाला जी भाषा होती तिच्यात कावळा होता. त्यांना म्हटलं हे गुरुजींनाच विचारूया. ते परत चांदोदला गेले, त्यांच्या रेल्वेतल्या मित्राबरोबर. गुरुजी म्हणाले दर्भाचा कावळा ही पळवाट नाही, ती शास्त्राने दिलेली सोयच आहे, तसा शिवला की विधी पूर्ण झाला, त्यात उणं राहत नाही. आणि पुढे म्हणाले, तरी तुमच्या मनाला वाटतंय काही राहिलंय तर ज्यांच्यात ती उठायबसायची त्यांना विचारा. हे वाक्य मी बोलायला हवं होतं.

काकू ज्यांच्यात उठायबसायच्या त्या म्हणजे भजनी मंडळाच्या बायका, आणि त्यांतल्याही एक मावशी, चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, स्वतः अकरा वर्षांपूर्वी विधवा झालेल्या. बेसण्याला आल्या होत्या, दोन मिनिटं बसल्या, गेल्या. नंतर जाहिरातीतली ओळ वाचून आल्या नाहीत. मी काकांना विचारून मावशींना फोन केला, आणि पलीकडून त्या रडायलाच लागल्या. त्यांचं सांत्वन करायला कुणी गेलंच नव्हतं. मैत्रिणीचं कोण करतं? सुतक नाही, सुट्टी नाही, कुणी डबा आणत नाही. केनेथ डोका यांनी 1989 मधे अशा दुःखाबद्दल लिहिलंय, ज्याला समाजात जागाच नाही असं दुःख. ती बाई दोन महिने एकटी ते घेऊन बसली होती, रोज संध्याकाळी सात वाजता काकूंचा फोन यायचा त्या वेळेला. सात वाजता! काकांच्या त्या सात ते नऊच्या पोकळीची दुसरी बाजू मावशींच्या घरी होती.

त्या आल्या कार्तिकी एकादशीला, 23 नोव्हेंबर, अजून चार बायका घेऊन. चहा त्यांनीच केला, डबे उघडून बघताबघता मावशींनी प्रत्येक डब्यावर मार्करने नाव घातलं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि निघताना कुणीतरी भिशीचं बोललं. काका म्हणाले कसली भिशी. मावशी डोळ्यांनी गप्प करत होत्या पण निघालंच. बारा जणींची भिशी, महिन्याला 2,000, काकूंनी जुलैत उचलली होती चोवीस हजार, जावयाला चांदीचं ताट द्यायचं होतं त्यासाठी. ऑगस्टचा हप्ता भरला, सप्टेंबर ते डिसेंबर चार राहिले. सप्टेंबर-ऑक्टोबर-नोव्हेंबरचे मावशींनी आपल्याकडचे भरले होते आणि ठरवलं होतं की दुःखाच्या घरात पैशाचं काढायचं नाही.

काका उठले, कपाटातून सहा हजार आणून मावशींच्या हातावर ठेवले आणि मग खुर्चीत बसून मोठ्याने रडले. काकू गेल्यानंतर माणसांसमोर पहिल्यांदा. मला नंतर म्हणाले, "तिचं कुणाचं तरी देणं राहिलं होतं ताई, ती अशी जाणारच नव्हती." मी काही बोलले नाही. कावळा त्यासाठीच थांबला होता का हे मला कसं माहीत असणार, पण चांदोदहून आल्यापासून छातीवर असलेलं त्यांचं एक ओझं त्या संध्याकाळी उतरलं हे मी डोळ्यांनी बघितलं.

बाकी ज्या गोष्टी जमल्या नाहीत त्याही सांगते. मुलाने तिकडून एक ऑनलाइन शोकगट शोधला, इंग्रजी, काका दोनदा बसले, म्हणाले माणसं चांगली आहेत पण मला रडायला शब्द शोधावे लागतात. कमाटीबागेत सकाळचा हास्यक्लब, कुणीतरी ओढून नेलं, दुसऱ्या दिवसानंतर गेले नाहीत आणि मी आग्रह केला नाही. कॅनडाला घेऊन जायचा बेत तर मुलाने तेराव्यालाच काढला होता, पहिल्या वर्षभरात घर सोडायचा, विकायचा असला मोठा निर्णय शक्यतो घेऊ नये एवढंच मी त्याला सांगितलं. कॉलर ट्यूनवरूनही बापलेकांत झालं, मुलाचं म्हणणं तो नंबर बंद करा, बँकेचे ओटीपी त्यावर येतात. ओटीपीचं त्याचं बरोबर होतं, म्हणून बँकेत जाऊन जॉइंट अकाउंटला काकांचा नंबर लावला, पण काकूंचा चालू ठेवला. पूर्वी समजायचे की गेलेल्याशी नातं तोडल्याशिवाय माणूस सावरत नाही, 1996 पासून डेनिस क्लास वगैरे अभ्यासकांनी उलटं दाखवलं, नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं. आपल्याकडे तर वर्षश्राद्ध आणि पितृपक्ष आहेच, आपल्याला हे परक्याने सांगायला नको होतं.

अजून एक वाक्य ज्याने फार त्रास दिला. भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईने म्हटलं, भाग्याची हो, सवाष्ण गेली. चांगल्या मनानेच म्हणतात. पण समोर बसलेल्या नवऱ्याला त्यातून काय ऐकू येतं? की तू मागे राहिलास हेच तिचं भाग्य. काकांनी हे मला डिसेंबरमधे सांगितलं, तोपर्यंत पोटात ठेवलं होतं. कृपा करून नवऱ्यासमोर हे बोलू नका.

आणि "काही लागलं तर सांगा". लागतं ते सांगण्याची ताकदच त्या वेळी नसते. त्याच्या उलट काय असतं ते दोघांनी दाखवलं. नवरात्रात सोसायटीच्या गरब्याचा एक स्पीकर बरोबर काकांच्या गॅलरीच्या तोंडाला होता. काकू दर वर्षी तिथे खुर्ची टाकून बघायच्या. सेक्रेटरीभाईने न विचारता, न सांगता तो स्पीकर दुसरीकडे फिरवला, काकांना चौथ्या रात्री कळलं. दुसरा तो रेल्वेचा मित्र. नोव्हेंबरमधे पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो, काका म्हणत होते मी नाही जाणार, जिवंत आहे हे कशाला सांगू. मित्र स्कूटर घेऊन खाली आला आणि नुसता हॉर्न वाजवत राहिला. दोघं बँकेत गेले, दाखला दिला, येताना दांडिया बाजारात एका मराठी बाईंकडे आमटी-भाताचा डबा लावून आले. वजन तिथून भरायला लागलं. दिवाळीला घरी काही करायचं नव्हतं, पहिल्या वर्षी करत नाहीतच, पण फराळ बाहेरून आला, सात घरांचा. ही आपली जुनी रीत किती शहाणी आहे.

मुलीने रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल लावला, गोळी तिच्यासमोर घ्यायची. सातला मावशींचा फोन, दहा मिनिटं, जास्त नाही. जानेवारीत नवीन भिशी सुरू झाली तेव्हा बायकांनी काकूंच्या जागी काकांचं नाव घातलं. यावर सोसायटीत कुजबुज झाली, एका विधुराने बायकांच्या भिशीत जाणं, मावशींचं त्यांच्याकडे येणं. मला फार राग आला होता. चाळीस वर्षांची मैत्रीण गेली म्हणून तिच्या घरी जाऊन रडायलाही बाईला सोबतीण न्यावी लागते. मावशी त्यानंतर कधी एकट्या आल्या नाहीत, कुणाला तरी घेऊन आल्या, पण आल्या.

औषध-उपचाराचं थोडक्यात. जगभरातले अभ्यास एकत्र करून 2017 मधे दिसलं होतं की दहातल्या साधारण एकाचं दुःख असं अडकतं की त्याला खास उपचार लागतो. त्याला आता नाव आहे, दीर्घकाळ टिकणारा शोक, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत किमान सहा महिने आणि अमेरिकन यादीत मोठ्यांसाठी बारा महिने झाल्यावर ते नाव लावतात. मी फेब्रुवारीअखेर, सहा महिने झाल्यावर काकांना एका मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. ओढ होती, रडणं होतं, पण गोळी घेत होते, जेवत होते, भिशीला जात होते, रडणं लाटेसारखं येऊन जात होतं, आपण निकामी आहोत असं दिवसभर वाटत नव्हतं. डॉक्टरांनी कुठलंही नाव लावलं नाही, झोपेची गोळीही दिली नाही, तीन महिन्यांनी या म्हणाले. सगळ्यांचं असं होत नाही आणि ज्यांचं अडकतं त्यांनी उपचार घ्यायलाच हवेत, नुसत्या डब्याने आणि फोनने भागत नाही.

वर्षश्राद्ध तिथीने ऑगस्टच्या मध्यावर झालं, 2024. नीट झालं. मी आणि मुलगी, आम्हा दोघींना धास्ती होती ती 28 तारखेची. मी डायरीत लिहून ठेवलं होतं, सकाळी काकांना फोन. आणि त्याच दोनतीन दिवसांत विश्वामित्री नदीला तो पूर आला. धोक्याची पातळी 26 फूट, पाणी 35 च्या वर गेलं, अर्धं शहर पाण्यात, लाइट नाही, नेटवर्क नाही. फोन लागलाच नाही.

नंतर कळलं की तळमजल्याची दोन कुटुंबं काकांकडे होती, नऊ माणसं, त्यात एक सात महिन्यांचं बाळ. काकांनी मोठ्या कुकरला खिचडी लावली, डब्यांवर मावशींनी नावं घातलेली होतीच, मेणबत्तीच्या उजेडात पण सापडलं सगळं. त्या दिवशी 28 तारीख आहे हे त्यांना रात्री झोपताना आठवलं.

पाणी उतरल्यावर मात्र पुढचा पंधरवडा वाईट गेला. लाइट गेल्यावर काकूंचा मोबाईल बंद पडला होता. वीज आल्यावर चार्जिंगला लावायच्या आधी काकांनी सवयीने नंबर लावला तर ट्यूनच्या जागी बाईचा आवाज आला, गुजरातीत, तुम्ही लावलेला फोन बंद आहे. ते तसेच उभे राहिले म्हणे फोन कानाला लावून. हे त्यांनी मला नाही सांगितलं. सात वाजता मावशींचा फोन आला तेव्हा मावशींना सांगितलं, मावशी म्हणाल्या मीही काल लावला होता, मलाही तेच ऐकू आलं.